गिटारीतला लाल दोरा

कारखान्याच्या स्टोअरचं कुलूप किल्लीला दाद देईना, तेव्हा बाबूरावांनी सरळ कडीच कापून काढली. बाबूराव म्हणजे इथले जुने स्टोअरकीपर. पगार बंद होऊन किती वर्षं झाली ते त्यांनाही सांगता यायचं नाही, पण किल्ल्यांचा जुडगा अजून कमरेलाच. दार आत ढकललं तसा मळीचा वास अंगावर आला. या कारखान्यात उसाचं टिपरू येऊन बारा वर्षं झाली, चिमणीवर घारी नांदतात, भोंग्याला गंज चढला, आणि हा वास मात्र जागचा हललेला नाही. मला एकदम भूक लागली. लहानपणी हा वास आला की हंगाम सुरू, आणि हंगाम सुरू म्हणजे घरात ताजा गूळ, एवढंच माझ्या पोटाला कळायचं.

"मोटरी त्या कोपऱ्यात हायेत, बाई," बाबूराव म्हणाले. "बघा, कोणत्या पुन्हा फिरत्यात अन् कोणत्या भंगारात घालायच्या."

त्यासाठीच मी गेले होते. केजमध्ये आमचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. जळालेली मोटर उघडायची, आतली काळी पडलेली तांब्याची तार उपसून काढायची, नवी भरायची, वार्निश पाजायचं आणि फिरवून द्यायची. आधी अण्णा करायचे, म्हणजे माझे वडील. आता मी करते. नव्या गिऱ्हाइकाला अजून वाटतं, मिस्तरी जेवायला गेलेत आणि ही बाई नुसती दुकान राखतीय. "मिस्तरी कुठायत?" असं कुणी विचारलं की मी म्हणते, "ह्या काय, तुमच्या म्होरं उभ्या." मग माणूस चपापतो, आणि मला या वयातही त्याची गंमत वाटते.

मोटरी बघून झाल्या. हात पुसायला चिंधी शोधत मागच्या मांडणीकडे गेले, तर तिथं कारखान्याच्या कला मंडळाचा सगळा मोडका संसार रचून ठेवलेला. भाता फाटलेली पेटी, फुटक्या पुडीचा तबला, उंदरांनी कुरतडलेला जांभळा पडदा. आणि सगळ्यांच्या वर, गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी लांब मानेचं. उघडायच्या आधीच मला कळलं होतं. तरी उघडलं. तांबडी इलेक्ट्रिक गिटार, पाठीवर पांढऱ्या ऑइलपेंटनं लिहिलेलं : कला मंडळ, नग ११. सहातल्या दोनच तारा शाबूत.

"ही नेऊ का, बाबूराव?"

"न्या की. भंगारवाला हिच्या ढलप्या करून चुलीत घालील."

केजच्या जीपमध्ये तिला मांडीवर उभी धरून बसले. जीपवाला म्हणाला, "हिचं बी तिकीट पडंल बरं का, मावशी." सगळे हसले. मीही हसले. पण गोणपाटावरून हात फिरवताना बोटांना तिच्या अंगावरचे स्विच लागत होते, एक, दोन, तीन, आणि तेवीस वर्षांपूर्वीचा तो कोरडा उन्हाळा पुन्हा एकेक करून वर यायला लागला.

तो सलग दुसरा दुष्काळ. अर्धा तालुका ऊस तोडायला दूरदूरच्या कारखान्यांवर गेलेला, आणि आमच्या स्वतःच्या कारखान्याला गाळायला ऊस नाही. आई आमची दोन जनावरं घेऊन चारा छावणीत राहायला गेली होती; तिची भाकरी मी सकाळी एस.टी.तून पाठवायची आणि कंडक्टर ती छावणीच्या फाट्यावर उतरवायचा. दुकानात अण्णा आणि मी. लोकांचे धंदे बसले होते आणि आमचा उभा राहिला होता. सांगायला लाज वाटते, पण तसंच होतं ते. विहिरीतलं पाणी जसजसं खाली जाई, तशी माणसं मोटर खाली खाली सोडत. मग कधीतरी पाणी संपे, मोटर नुसता वारा ओढत राही, तापे आणि जळे. मोटरसायकलवर मधे ठेवून, बैलगाडीत कडब्यावर निजवून, आजारी लेकरू आणावं तशी फडक्यात गुंडाळून माणसं मोटरी आणत. दारातच जळक्या वार्निशचा तो कडू वास. अजूनही कुठं तो वास आला की मला आधी तहान लागते.

अण्णा डावरे. त्यांचं सगळंच उलट्या हातानं चालायचं, आणि त्यांच्या हातासारखा हात या पट्ट्यात नव्हता. वाइंडिंग भरून झालं की तारांची टोकं सुती दोऱ्यानं आवळून बांधावी लागतात, म्हणजे मोटर फिरताना ती हलत नाहीत. प्रत्येक मिस्तरीचा दोरा वेगळा आणि गाठ वेगळी. बीडच्या एकाचा काळा, धारूरच्या एकाचा निळा. अण्णांचा लाल, तीन फेरे आणि डाव्या हाताची उलटी गाठ. मी शिकले तेव्हा त्यांनी मला हिरव्या दोऱ्याचं रीळ आणून दिलं. "हे तुझं," म्हणाले. दुसऱ्या मुलींना त्या वयात बांगड्या भरत होते. मला त्या रिळाचा काय गर्व झाला होता म्हणून सांगू!

आमच्या धंद्यात एक रीत आहे. दुसऱ्यानं भरलेली मोटर उघडली आणि काम खोटं निघालं, तर त्याचा दोरा कापायचा आणि आपला बांधायचा. काम चांगलं असेल, नुसता वरचा किरकोळ बिघाड असेल, तर दोऱ्याला हात लावायचा नाही, तसंच झाकण लावायचं. "त्याचा दोरा कापला" असं कुणी म्हटलं की त्या मिस्तरीची चारचौघांत अब्रू गेली. अण्णांचा दोरा कधी कुणी कापला नव्हता. मोटर दुकानातून निघताना ते दरवेळी सांगायचे, "खोट घिऊन जॉब भायेर जाया न्हाई पायजे, माय. चुकून ऱ्हायली तर ऱ्हायली. जाणून ठिवली तर ते पाप." आणि मोटरीला लाइन दिली की खाटेवरून एकच प्रश्न, "फिरली का?" मी म्हणायची, "फिरली." मग दुसरा जॉब.

मुकुंदा आला तो या सगळ्यात. कारखान्याच्या लॅबमध्ये होता, उसाच्या रसाची गोडी मोजायला. त्या साली मोजायला रसच नव्हता, म्हणून अर्ध्या पगारावर दिवसभर कला मंडळाची गिटार वाजवत बसायचा. एक दिवस ती घेऊन दुकानात आला.

"मिस्तरी, हिचा आवाज गेलाय."

अण्णांनी ती उलटी केली, सुलटी केली. "ह्यात मोटर कुठं हाय?"

"मोटर न्हाई ओ, पण वाइंडिंग हाय!"

आणि खरंच होतं. तारांखाली दोन चपट्या डब्या, एक मानेकडे, एक खाली, तारा जिथं टेकतात त्या पुलाजवळ. त्यांना पिकअप म्हणतात हे मला तेव्हा कळलं. एकेका डबीत शेजारी शेजारी दोन वेटोळी, आणि तार कसली, केसाहून बारीक. अण्णांनी डोळ्याजवळ नेलं, लांब नेलं, पुन्हा जवळ नेलं. त्यांच्या डोळ्यांत तेव्हाच मोतीबिंदू उतरत होता; ते कबूल करत नव्हते इतकंच. शेवटी म्हणाले, "हे माझ्या डोळ्याचं काम न्हाई. माय, तूच बघ."

म्हणजे त्यांनीच माझ्या हातात दिली ती. हे मी विसरत नाही.

"एका डबीत दोन वेटोळी कावून रे?" मी मुकुंदाला विचारलं.

"मला काय ठाऊक? मी वाजवतो."

"एकमेकाला उलटी हायेत ही. एक सुलटं, एक उलटं. आमच्या मोटरीत असत्यात तशी." मला ते बघताक्षणी समजलं, आणि समजल्याचा इतका आनंद झाला की मी मोठ्यानं हसले. विजेच्या लाइनीची जी भुणभुण हवेत असते ती दोन्ही वेटोळ्यांत शिरते, पण एक सुलटं आणि एक उलटं असल्यामुळं ती आपसातच मरते. खालचे चुंबकही तसेच उलटसुलट, म्हणून तारेचा आवाज मात्र मरत नाही, दुप्पट होतो. केवढं शहाणं काम! कुणा परक्या मुलखातल्या मिस्तरीनं केलेलं, आणि तो अगदी आपल्या घरातला वाटला.

औरंगाबादहून बारीक तारेचं रीळ मागवलं. हातानं फिरवायच्या वाइंडिंग मशीनवर पाच-पाच हजार फेरे भरले, चारदा. श्वास जोरात सोडला तरी तार तुटायची. मुकुंदा समोर बसलेला असायचा, आणि मी दटावायची, "तिकडं तोंड करून श्वास घे." तो खरंच भिंतीकडे तोंड करून बसायचा. भिंतीशीच बोलायचा बिचारा.

मग त्याच्या डोक्यात खूळ आलं. वरातीला एक आवाज लागतो, भावगीताला दुसरा, लावणीला तिसरा. कला मंडळात गिटार एकच. "हिच्यात सगळे आवाज घाल की, मिस्तरीण." तो मला मिस्तरीण म्हणायचा. गावात दुसरं कुणी म्हणत नव्हतं. मी वहीचा कागद फाडला आणि रेघा मारत बसले. प्रत्येक वेटोळ्याची दोन्ही टोकं बाहेर काढली, म्हणजे एका डबीच्या चार वायरी. प्रत्येक डबीला एक तीन घरांचा स्विच. पहिल्या घरात दोन्ही वेटोळी एकामागे एक, दुसऱ्यात दोन्ही शेजारी शेजारी, तिसऱ्यात एकटं एकच. वर एक स्विच, मानेकडची डबी हवी, पुलाजवळची हवी की दोन्ही हव्यात ते ठरवायला. स्विच जुन्या स्टॅबिलायझरमधले काढले. मुकुंदानं त्या तीन आवाजांना नावं ठेवली. पहिला जाडजूड, भरलेला, तो पाटील. दुसरा मोकळा, स्वच्छ, तो मास्तर. तिसरा किनरा, धारेचा, ती काकू.

"आता मानेकडं मास्तर अन् खाली काकू लाव," मी बसल्या जागेवरून सांगायची, आणि तो वाजवायचा. तीन इकडचे, तीन तिकडचे, आणि दोन्ही मिळून नऊ. एका लाकडात पंधरा आवाज. रस्त्यावरून टँकर धुरळा उडवत जायचा, डाग देताना उठणारा राळेचा धूर नाकात, वितळलेलं कथील उडून माझ्या ओढणीला भोकं पडलेली, आणि दुकानात पाटील, मास्तर, काकू एकमेकांशी बोलतायत. घशाला कोरड पडलेली असायची, पण तसं सुख पुन्हा नाही मिळालं. नाही म्हणजे नाहीच.

पुण्याहून एक ऑर्केस्ट्राचे मालक छावणीच्या मदतीचा कार्यक्रम ठरवायला कारखान्यावर आले होते. त्यांनी मुकुंदाचं ऐकलं. गिटार पालथी करून बघितली, स्विच वरखाली केले. "हे कुणी केलं?" मुकुंदानं माझ्याकडे बोट दाखवलं. मालक म्हणाले, "कार्यक्रमाच्या दिवशी स्टेजवर ऐकतो. नीट वाजली तर दोघांना घेऊन जातो. वाजवायला तू, आणि आमचं सगळं सामान सांभाळायला ही. गाणाऱ्या मुली राहतात त्यांच्यात हिची राहायची सोय होईल."

मी घरी आले ती पाय जमिनीला न लावता. अण्णा भाकरी कुस्करत होते. सांगून टाकलं. त्यांनी ताटातली भाकरी कुस्करून पुरी केली. मग म्हणाले, "जा की, माय. म्या कशाला आडवा यिऊ? तुझा हात हाय, तू ठरीव." आणि ताटातला गुळाचा खडा अर्धा मोडून माझ्या ताटात टाकला.

तो गूळ मी किती वर्षं आठवला असेल!

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी दुकानात लाइट होती तेव्हा पंधराही आवाज ऐकून घेतले. काकू तेवढी, एकटी म्हणून, जराशी गुणगुणायची; बाकी एकात भुणभुण नाही. प्रत्येक वेटोळ्यावर पान्हा टेकवून उचलला, मीटरचा काटा चारही वेळा उजवीकडेच गेला. चारही एकाच बाजूला, म्हणजे एकही टोक उलटं नाही, सगळं जिथल्या तिथं. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी मी मागचं झाकण उघडून आतल्या वायरी शेवटच्या आवळत होते. दोन्ही डब्यांच्या वायरींना माझा हिरवा दोरा बांधला आणि तेवढ्यात टँकरचा हॉर्न वाजला. त्या उन्हाळ्यात हॉर्न वाजला की हातातलं जे असेल ते टाकून पळायचं. घागरी लावल्या नाहीत तर तीन दिवस तोंड धुवायला पाणी नाही. मी पळाले. रांग मोठी होती, भांडणं झाली, माझी एक घागर चेपली. तासाभरानं आले तर गिटारीचं झाकण लागलेलं, चारी स्क्रू आवळलेले, वरून फडक्यानं पुसलेली.

"झाकण लावून ठिवलं, माय," अण्णा म्हणाले. "धूळ बसत व्हती."

मला त्यांचं इतकं कौतुक वाटलं! वाटलं, तोंडानं काही बोलत नाहीत, पण पोरीला निरोप द्यायची त्यांची ही रीत. मी येईतो लाइट गेलेली होती, पुन्हा वाजवून बघायला सोय नव्हती. आणि कशाला बघायचं? सगळं बघून झालेलं होतं.

दिवेलागणीला कार्यक्रम सुरू झाला. जनरेटर चालू केला तो थेट पाहुणे स्टेजवर चढल्यावर. मी बायकांत पुढं बसले होते, नवी साडी, केसांत अबोली. मुकुंदानं माझ्याकडे बघितलं, पाटील लावला आणि हात मारला.

भुणभुण. नुसती भुणभुण, स्पीकर फाटेल अशी. तिच्या खाली कुठंतरी तारेचा आवाज, मच्छरदाणीतून बोलावं तसा बारीक. मुकुंदानं मास्तर लावला, तेच. खालची डबी सोडून वरची घेतली, तेच. काकू तेवढी बोलली, तीही भुणभुणत. मागून कुणीतरी ओरडलं, "अबे, गिटारीत भुंगा शिरला बे!" आणि सगळं मैदान हसलं. छावणीतल्या बायाही हसल्या. आईसुद्धा हसली असेल. तिला काय ठाऊक? ऑर्केस्ट्राचे मालक घड्याळ बघायला लागले.

स्टेजच्या मागं मुकुंदा मला भेटला. चेहरा पांढरा फटक.

"काय केलंस तू हिला?" मी म्हणाले. "मधेच हात घातलास ना? उघडलीस ना?"

"मी?" तो म्हणाला. "तुझ्या दुकानातनं उचलली अन् इथं आणली. तूच केलंस. तुला यायचंच नव्हतं, मिस्तरीण. तोंडानं म्हणायचं व्हतं की, असं चारचौघांत कावून?"

मी काय बोलले ते लिहीत नाही. वाईट बोलले. माणूस घाबरला की जवळच्याच्याच अंगावर जातो. दुसऱ्या दिवशी त्यानं गिटार स्टोअरमध्ये जमा केली आणि सकाळच्या गाडीनं निघून गेला. कुणी म्हणालं पुण्याला, कुणी म्हणालं सुरतेला. आज तो कुठं आहे, मला ठाऊक नाही. ऑर्केस्ट्राचे मालक तर त्याच संध्याकाळी निघून गेले होते.

गिटार मी कधी बघायला गेले नाही. एक तर कारखान्याच्या स्टोअरमध्ये तरण्या पोरीनं जायचं काय निमित्त? आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. उघडली, आणि माझीच चूक दिसली तर? त्यापेक्षा न उघडलेली बरी. त्या दिवसानंतर मी केसाएवढ्या तारेला हात लावला नाही. दुकानातले जॉब मात्र करत राहिले. लग्न झालं, नवरा टेम्पो चालवतो, बरा आहे, माझ्या कामात नाक खुपसत नाही. पण तेव्हापासून एक खोड लागली. प्रत्येक मोटरीचा काटा मी तीनदा बघते. एकदा बघून विश्वास बसत नाही, दुसऱ्यांदाही बसत नाही. माझ्या स्वतःच्या हातावर तेवीस वर्षं मी संशय घेत आले. अण्णा खाटेवरून ऐकत असतात. कधी कधी म्हणतात, "झालं की, माय. आता किती बघशील?" मी म्हणते, "बघू द्या."

जीप केजच्या स्टँडला लागली. मी गिटार घेऊन दुकानात शिरले. अण्णा दारातल्या खाटेवर, आता दोन्ही डोळ्यांनी फक्त उजेड-अंधार कळतो त्यांना.

"काय आणलंस गं? मळीचा वास येतोय."

"कारखान्यातला जॉब हाय," मी म्हणाले.

झाकणाचे स्क्रू गंजले होते, थेंब थेंब तेल सोडून काढले. आधी मीटर लावला. पान्हा टेकवला, उचलला. काटा उजवीकडे. दुसऱ्या वेटोळ्यावर टेकवला. डावीकडे. दुसरी डबी : उजवीकडे, डावीकडे. म्हणजे दोन्ही डब्यांत एकेका वेटोळ्याची टोकं उलटी जोडलेली. तसं केलं की तारेचे दोन आवाज एकमेकांना मारतात आणि भुणभुण दुप्पट होते. माझीच चूक, म्हटलं. एवढी वर्षं जी भीती होती तीच समोर आली.

मग झाकण पूर्ण काढलं आणि बॅटरी आत धरली.

वायरींना लाल दोरा होता. दोन्ही ठिकाणी. तीन फेरे आणि उलटी गाठ. आणि खाली, लाकडाच्या खोबणीत, धुळीत, माझ्या हिरव्या दोऱ्याचे कापलेले चार तुकडे.

बाहेर जीपवाले ओरडत होते, "बीड, बीड, मांजरसुंबा, बीड!" वायरी अदलाबदल करायची म्हणजे आधी माझा दोरा कापावा लागला असणार. कापला. टोकं उलटी जोडली; बाहेर काढलेल्या वायरी जाड, त्या बोटांनीही उमगतात. झाकण लावून मोकळं व्हायचं, तर नाही! सुट्या वायरी तशाच सोडणं त्यांच्या हाताला जमलंच नाही. काम खोटं केलं, पण ते नीट आवळून, आपली गाठ मारून केलं. जन्मभराची सवय. चोरी करायला आलेल्या माणसानं जाताना चपला ओळीनं लावून ठेवाव्यात तसं.

मी गिटार उचलून खाटेजवळ नेली. अण्णांचं बोट धरलं आणि आतल्या गाठीवर टेकवलं.

"अण्णा, ही गाठ कुणाची वळखा बरं."

त्यांनी चाचपली. चेहरा उजळला. "माझीच की! डाव्या हाताची हाय. दुसऱ्या कुणाला जमती व्हय? कोणती मोटर गं?"

"मोटर न्हाई. कला मंडळाची गिटार हाय."

बोट तिथंच थांबलं. काढलंही नाही, हललंही नाही.

"कावून केलंत, अण्णा?"

अण्णा म्हणाले, "त्या साली दुकानात सोळा मोटरी पडल्या व्हत्या. मला तार दिसंना. एक बोट तारंवर ठिवून अदमासानं भरीत व्हतो. तू गेली असतीस तर..."

"मग 'जाऊ नको' म्हणायचं व्हतं! तोंडावर म्हणायचं व्हतं! मी थांबले असते, नसते, माझं मी बघितलं असतं. 'जा की' म्हणालात तुमी. गूळ दिलात मला!"

"मला वाटलं, दुसऱ्या दिशी तू उघडशील. तुला कळंल. मला शिव्या देशील अन् ऱ्हाशील." ते अगदी हळू बोलत होते. "तू उघडलंच न्हाई."

माझं डोकं फिरलं. रस्त्यावरची माणसं बघायला लागली इतक्या मोठ्यानं मी ओरडले, "तेवीस वर्षं मी तीनतीनदा काटा बघते! तुमी इथं बसून ऐकता! एकदा, एकदा तरी सांगायचं व्हतं, की माय, तुझा हात चुकला नव्हता!"

अण्णांनी मान खाली घातली. आणि मग जे बोलले ते मी मरेपर्यंत विसरायची नाही. म्हणाले, "तीनदा बघतीस म्हनून तर तुझी एक बी मोटर परत येत न्हाई, माय."

मला वाटलं होतं, रडतील. माफी मागतील. त्यांना खरंच वाटत होतं की यातून माझं भलं झालं.

मी पुन्हा बाकड्याशी गेले, ड्रॉवरमधून कातर काढली. आमच्या कातरीचा आवाज ते झोपेतही ओळखतात. पहिला लाल दोरा कापला तेव्हा ते खाटेवर ताठ झाले. दुसरा कापला तेव्हा म्हणाले, "माय." एवढंच. साठ वर्षांच्या कामात त्यांचा दोरा कापला गेला तो पहिल्यांदा, आणि तो मी कापला.

चार टोकं सोडवली, सुलटी जोडली, कथलाचा डाग दिला. राळेचा तोच धूर. हिरवा दोरा रिळावरून ओढला आणि माझ्या उजव्या हातानं माझी गाठ मारली. काटा बघितला. चारही वेळा उजवीकडे. एकदाच बघितला. कापलेले लाल तुकडे अण्णांच्या तळहातावर नेऊन ठेवले आणि त्यांची मूठ मिटवली.

दुकानात पोरांचा एक जुना अँप्लिफायर दुरुस्तीला आलेला होता. त्याला गिटार जोडली, पाटील लावला, आणि त्या दोन गंजक्या तारांवर अंगठा मारला. भुणभुण नाही. जाडजूड, भरलेला आवाज दुकानभर झाला, बाहेर रस्त्यावर गेला. मास्तर लावला. काकू लावली. सगळे होते. तेवीस वर्षं अंधारात राहूनही सगळे जिथल्या तिथं होते, आणि ऐकायला मुकुंदा तेवढा नव्हता.

आवाज विरला तसे अण्णांनी सवयीनं तोंड माझ्याकडे वळवलं.

"आला का गं?"

या दुकानात त्यांनी विचारलं आणि मी उत्तर दिलं नाही, असं कधी झालं नव्हतं. मी स्विच वर केला, खाली केला.

"माय, आला का बराबर?"

मी पुन्हा तारेवर अंगठा मारला आणि त्यांच्याकडे बघत गप्प उभी राहिले.